रोहण्याच्या बायका सही देत नाहीत

नीमा माझ्या केबिनमध्ये आली आणि कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा टेबलावर ठेवला. बसली नाही.

"मॅडम, आजही एकही सही मिळाली नाही."

"बायका भेटल्या नाहीत?"

"भेटल्या. चहा दिला. वांगी दिली. माझ्या वेण्या ओढून बघितल्या, खऱ्या आहेत का म्हणून. मग मी फॉर्म काढला. एकीला म्हैस आठवली, दुसरीला नातू आठवला. बघता बघता ओटा रिकामा."

नीमा टांझानियाची. वर्ध्याजवळच्या आमच्या लॉ कॉलेजात एलएल.एम. करत होती, म्हणजे वकिलीच्या पदवीनंतरचा मास्टर्स. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, इथे मराठीत लिहिते आहे. मी तिची गाइड. या कोर्सला शेवटी एक मोठा प्रबंध लिहावा लागतो. आम्ही त्याला डिझर्टेशन म्हणतो. तो सबमिट केला की बाहेरचे परीक्षक येतात आणि तोंडी परीक्षा घेतात, ती व्हायवा. नीमाचा विषय होता बापाच्या शेतातला मुलीचा वाटा. कायदा काय म्हणतो आणि प्रत्यक्षात काय होतं. त्यासाठी तिने आर्वी तालुक्यातलं रोहणा निवडलं होतं. तिथल्या बायका भाजीपाला पिकवतात, स्वतः बाजारात नेऊन विकतात. जमिनीचं बोलायचं तर जमिनीत राबणाऱ्या बायकांशीच बोलायचं, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं होतं.

मुलाखत घ्यायची तर आधी कन्सेंट फॉर्म भरून घ्यावा लागतो. तुम्हाला हे का विचारतोय, तुमचं नाव गुप्त राहील, तुम्हाला कधीही थांबता येईल, हे त्यात लिहिलेलं असतं. खाली उत्तर देणाऱ्याची सही किंवा अंगठा. नियम चांगला आहे. गरीब माणसाला भंडावून कोणी काहीही लिहू नये म्हणून केलेला. आमची एथिक्स कमिटी त्याबाबत फार कडक होती. सही नसेल तर मुलाखत झालीच नाही असं धरायची.

नीमा तिकडे सरकारी वकील. अभ्यासरजा घेऊन आली होती आणि ती रजा उन्हाळ्याबरोबर संपत होती. वाढवून मिळणार नाही, असं तिच्या ऑफिसने स्पष्ट कळवलं होतं. तोवर व्हायवा झाली नाही तर डिग्री नाही. डिग्री नाही तर जमिनीचे खटले चालवणाऱ्या विभागात बदली नाही, आणि त्या बदलीसाठीच तर ती एवढ्या लांब आली होती. तिच्या आजोबांच्या शेतातून तिच्या आईला मामांनी हाकलून लावलं होतं. हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात.

"पुढच्या वेळी मी तुझ्याबरोबर येते," मी म्हटलं.

मी या परदेशी मुलांची को-ऑर्डिनेटर कशी झाले, तेही सांगते. अर्धं आयुष्य मी आर्वीच्या कोर्टात दिवाणी दावे चालवले, मग कॉलेजात शिकवायला आले. एका स्टाफ मीटिंगमध्ये प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं, इंटरनॅशनल स्टुडंट्सची जबाबदारी कोण घेतं? सगळे एकदम आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागले. माझा मोबाइल त्या दिवशी घरी राहिला होता. मला वर बघावं लागलं, आणि साहेबांची माझी नजरानजर झाली.

आधी मी वैतागले. परदेशी विद्यार्थी म्हणजे पोलिसांकडची नोंदणी, घरमालकाची कुरकुर, ताप आला की दवाखाना, आणि मेसचं वरण पातळ आहे ही तक्रार. ती तक्रार खरी होती. पण त्यांनी मला लवकरच गप्प केलं, आणि त्याला कारण ठरलं हॉस्टेलचं स्वयंपाकघर.

झालं असं, की नीमा सुक्या मासोळ्या तळायची. भूतानचा सोनम लाल मिरच्या भाजायचा, आणि तेव्हा अख्खा मजला खोकायचा. नेपाळची सरिता नाकाला ओढणी लावून दोघांनाही शिव्या घालायची. मला वाटलं, आता ही भांडणं माझ्याकडे येणार. आलीच नाहीत. एका शनिवारी मूट कोर्टच्या हॉलमधून आवाज आले म्हणून मी डोकावले. मूट कोर्ट म्हणजे कॉलेजातलं खोटं कोर्ट, मुलांना वकिलीचा सराव व्हावा म्हणून केलेलं. तिथे या लोकांनी खटला लावला होता. मासोळीचा आणि मिरचीचा. न्यायाधीश चौथ्याच देशाचा. दोन्ही बाजू ऐकून त्याने निकाल दिला की मासोळी आणि मिरची दोन्ही गच्चीवर, आणि गच्चीवर शेगडी नेऊन देण्याचं काम तक्रारदाराचं. सरितेने तो मुकाट्याने पाळला.

तेव्हापासून दर शनिवारी ते कोर्ट भरायचं. नाव पडलं किचन कोर्ट. कोणाची काही अडचण असली की तो पिंजऱ्यात उभा. त्यांचा एक नियम मला फार आवडायचा. "आमच्या देशात असंच असतं" एवढं म्हणून भागायचं नाही, असं का असतं ते सांगावं लागायचं. निकालानंतर सगळे मिळून जेवायचे. मी मागच्या बाकावर जाऊन बसायची. आठवड्यातला तेवढा वेळ मी कोणालाही द्यायची नाही.

तर रोहणा.

गाडीत मी, नीमा आणि सरिता. सरितेचं हिंदी फर्डं. आमच्याकडच्या बायकांना हिंदी समजतं, म्हणून ती दुभाषी. बेबीताईंच्या ओट्यावर सावली होती. बेबीताई सांबाराच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. पुणे-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

"आली का वं पोट्टी! अन् आज या मॅडम कोन व्हय?"

"बेबीताई, जेवल्या का?" नीमाने विचारलं. तेवढं मराठी तिने पक्कं केलं होतं. बायका हसल्या. शेजारपाजारच्या आणखी दोघीतिघी येऊन टेकल्या. मी आर्वीची म्हटल्यावर माझी चौकशी झाली, माहेर कोणतं, सासर कोणतं, पोरं काय करतात. मग बेबीताई आपणहून बोलायला लागल्या.

"माह्या बापाचं वावर नाल्याच्या काठी व्हतं. तिथं वांगं लावलं ना, तं फांदी जमिनीले टेके. मी लहानपनी तिथंच..."

"थांबा, बेबीताई," नीमाने हात वर केला. "पहिले फॉर्म."

तिचं बरोबर होतं. संमतीच्या आधी ऐकलेलं वापरता येत नाही. तिने पिशवीतून कागद काढला, पेनचं टोपण काढलं, आणि दोन्ही हातांनी आदराने पुढे केलं. सरितेने हिंदीत सांगितलं, बस यहाँ साइन कर दीजिए.

बेबीताईंचे हात थांबले. हातातली जुडी त्यांनी पुरती बांधली, टोपलीत ठेवली, आणि उठल्या. "सांबाराले पानी माराचं हाये," म्हणाल्या. बाकीच्याही एकेक करून पांगल्या. नीमा कागद हातात धरून तशीच बसून राहिली. मला तिचा चेहरा बघवेना.

मी बेबीताईंच्या मागे हौदापाशी गेले.

"बेबीताई, काऊन उठल्या? पोरगी वाईट हाये काय?"

"पोरगी लाख गुनाची हाये, मॅडम. पन तुमीच सांगा. कोर्टातली बाई येते. हातात कागद घेऊन येते. इशय कोनता, तं बापाचं वावर. अन् पयली गोष्ट काय म्हनते? सही कर. आता कशी करू? एकडाव करून बसली ना मी."

"कुठं केली?"

"आर्वीले. रजिस्ट्री ऑफिसात. भाऊ घ्याले आला, जीप करून आला. साडी घेतली, हाटेलात जेवू घातलं. मंग साहेबासमोर उभं केलं. साहेबानं इचारलं, बाई, राजीखुशीनं करून राह्यली काय? भाऊ बाजूले उभा. त्याच्या समोर मी काय सांगू?"

"अन् बाकीच्यांचं?"

"इथं कोनती बाई सुटली हाये? कोनाले साडी, कोनाले तेबी नाई. तुमाले काय इचाराचं ते इचारा, मी सारं सांगीन. पन सही नाई देत, बाप्पा."

मी दिवाणीची वकील. हा प्रकार मला चांगला माहीत होता. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. कायद्याने बापाच्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. पण बहीण लेखी देऊ शकते, की मी माझा हक्क सोडला. मग तलाठ्याकडे सातबाऱ्यावरून तिचं नाव उडतं आणि जमीन भावांची होते. भाऊ दुखावू नये, माहेर तुटू नये, सणावाराला कोणी दार उघडावं, म्हणून बायका सही देतात. त्या कागदात हटकून एक वाक्य असतं, की मी हे राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून देते.

परतताना गाडीत मी हे सगळं नीमाला सांगितलं. तिने आमचा कन्सेंट फॉर्म काढला आणि सरितेला त्याच्या मराठी मसुद्यातलं पहिलं वाक्य इंग्रजीत सांगायला लावलं. मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय... सरिता तिथेच थांबली.

"म्हणजे त्या मला नाही म्हणत नाहीयेत," नीमा म्हणाली. "त्यांना मी भावासारखी दिसते आहे."

हे मला झोंबलं. ती मुलगी कोणत्या घरातून आली होती ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी डीनकडे गेले. भोयर सर एथिक्स कमिटीचे अध्यक्षही होते. माणूस सरळ, पण नियमाबाहेर एक पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना घाम फुटतो.

"मॅडम, रूल म्हणजे रूल."

"रूल कोणाच्या भल्यासाठी आहे, सर? त्या बाईच्याच ना?"

"कोणाच्याही असो. आज तिला सूट दिली की उद्या सगळे मागतील. सही नाही म्हणजे डेटा नाही. तिला डॉक्ट्रिनल करू द्या."

डॉक्ट्रिनल म्हणजे गावात न जाता लायब्ररीत बसून कायदे आणि निकाल वाचून लिहायचं. तेही संशोधनच असतं. पण तो निम्मा भाग तिने आधीच केला होता, आणि नुसता तोच ठेवला तर रोहण्याच्या बायका त्यातून गळल्या असत्या.

"आता सगळी मांडणी बदलायला तिला वेळ कुठाय, सर?"

"म्हणून तर म्हणतो. हट्ट सोडा. पास होऊन जाऊ द्या पोरीला."

मी उठले नाही. कोर्टात मी हे शिकले आहे. समोरच्याने फाइल मिटली तरी आपण उठायचं नसतं. शेवटी सर म्हणाले, "लेखी अर्ज द्या. पुढच्या आठवड्यात कमिटी बसते आहे. तुमच्या विद्यार्थिनीला म्हणावं, स्वतः येऊन बोल. पण नुसतं अडचण आहे, अडचण आहे करू नका. सहीच्या जागी काय, ते सांगा."

हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. आणि तेच आमच्याजवळ नव्हतं.

कॉलेजात बातमी पसरायला वेळ लागत नाही. नीमाच्याच वर्गातला आमच्या इकडचा एक विद्यार्थी तिला माझ्यासमोर म्हणाला, "अंगठेच पाहिजे ना? आमच्या घरच्या बायांचे आणून देतो. कोण तपासून राह्यलं?" पोरगा मनाने वाईट नव्हता, मदतच करायला निघाला होता. नीमाने त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "मी सरकारी वकील आहे," ती म्हणाली. "खोटा अंगठा पकडायचा मला पगार मिळतो." तो जो गेला, तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

शनिवारी किचन कोर्ट भरलं. नीमा पिंजऱ्यात. न्यायाधीश सोनम. कमिटीची बाजू मांडायला सरिता उभी राहिली. नीमाची सगळ्यात जवळची मैत्रीण, पण अशी तुटून पडली की भोयर सरांनीही तिला शाबासकी दिली असती.

"सही नसेल तर उद्या कोणी म्हणेल, या बायका असं बोलल्याच नाहीत, नीमाने हॉस्टेलमध्ये बसून लिहिलं. काय उत्तर देशील?"

"मी रेकॉर्डिंग करेन."

"रेकॉर्डिंगलाही संमती लागते. ती लेखी कुठे आहे?"

"तोंडी घेईन. कोर्टात साक्षीदार तोंडीच बोलतो ना?"

"तो शपथ घेतो. समोर न्यायाधीश असतो. रोहण्याच्या ओट्यावर कोण आहे?"

नीमा अडली. सरितेचा मुद्दा बिनतोड होता आणि कमिटी नेमकं हेच विचारणार होती.

सोनम तोवर आमचा फॉर्म पुन्हा पुन्हा वाचत होता. "मला एक समजत नाही," तो म्हणाला. "या कागदात वचनं आहेत. नाव गुप्त ठेवू, हे वचन कोणाचं?"

"माझं," नीमा म्हणाली.

"तुम्ही म्हणाल तिथे थांबू?"

"माझं."

"ही माहिती दुसऱ्या कोणाला देणार नाही?"

"माझंच."

"सगळी वचनं तुझी आहेत. मग सही त्या बाईची का?"

सोनम पुढे म्हणाला, "आमच्या भागात घर आणि शेत मुलीकडे जातं. आमचं घर माझ्या बहिणीचं आहे, मी तिथे पाहुणा. तिच्यापुढे कोणी कागद ठेवला तर ती पहिले विचारते, यात तू मला काय देणार ते लिहिलंय का, आणि त्याखाली तुझं नाव आहे का. का विचारते, तर तिच्याजवळ गमावण्यासारखं काहीतरी आहे म्हणून. कोर्टाचा आदेश असा, की कागदावर नीमाने सही करावी आणि तो कागद त्या बाईला द्यावा. बाईने तोंडाने हो म्हणावं, तिच्या पसंतीच्या दोन बायकांसमोर."

मी अर्धं आयुष्य लोकांच्या सह्या तपासण्यात घालवलं. खरी की खोटी, घाबरून केलेली की समजून. सही कोणाची असायला हवी, हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मी टाळ्या वाजवल्या. कोर्टात टाळ्या वाजवत नाहीत. सोनमने टेबलावर मूठ आपटून मला तंबी दिली, "मागच्या बाकावरच्या बाईंनी शांतता राखावी." इतकी चांगली तंबी मला कुठल्याच न्यायाधीशाने दिली नसेल.

पुढचे दिवस सगळ्यांनी मिळून अर्ज तयार केला. आपल्याकडे तोंडी करारही कायद्याने ग्राह्य असतो. त्याचे निकाल सरितेने शोधले. आपापल्या देशात अशा वेळी संशोधक काय करतात, त्याचं टिपण बाकीच्यांनी दिलं. नवा कागद मराठीत मी लिहिला, मोठ्या अक्षरात, बायकांना कळेल अशा भाषेत.

कमिटीत भोयर सर, दोन प्राध्यापक आणि बाहेरचे सदस्य म्हणून एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश होते. नीमा साडी नेसून आली होती. ती सरितेने नेसवली होती आणि सरितेलाही धड येत नव्हती, पण नीमा बोलायला लागल्यावर साडीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. तिने हक्कसोडाबद्दल सांगितलं. आपल्या फॉर्मचं पहिलं वाक्य वाचलं आणि पाठोपाठ हक्कसोडपत्राचं ते वाक्य वाचलं. दोन्हींत फरक करता येत नव्हता.

निवृत्त न्यायाधीशांनी विचारलं, "समजा, बाई उद्या म्हणाली, मी असं बोललेच नाही. मग?"

"मग तिचं म्हणणं खरं धरून मी ती मुलाखत काढून टाकेन, सर. माघार घ्यायचा हक्क तिचा आहे. तुमच्याच फॉर्ममध्ये लिहिलंय."

ते मोठ्याने हसले. भोयर सरांकडे वळून म्हणाले, "अहो, ही तर आपल्यापेक्षा जास्त नियमाने चालते आहे."

परवानगी मिळाली. एक अट पडली, की प्रत्येक मुलाखतीला गाइडने हजर राहायचं. म्हणजे वर्ध्याच्या भर उन्हाळ्यात मी. "उन्हाचं जपा, मॅडम," भोयर सर म्हणाले. मला वाटतं त्यांना मनातून आनंद झाला होता.

रोहण्याच्या समाजभवनात बायका जमल्या. सरितेने कागद समजावला, अडेल तिथे मी वऱ्हाडीत सांगितलं. मग नीमा खाली सतरंजीवर बसली आणि बेबीताईंच्या देखत तिने सही केली. कागद बेबीताईंच्या हातात दिला.

त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "हे इच्या सहीचं व्हय? अन् मी काय करू?"

"तुमी ठेवून घ्या," मी म्हटलं. "तुमचं नाव इनं कुठं फोडलं, तं हा कागद दाखवजा."

"अन् पोट्टी उलटली तं? हे तं इमानात बसून चालली जाईन. मी कोनाले दाखवू?"

नीमाने अर्थ विचारला, सरितेने सांगितला. नीमाने बोट माझ्याकडे केलं.

"मंग मॅडम, तुमीबी सही करा," बेबीताई म्हणाल्या.

केली. एकीने विचारलं, शिक्का कुठाय? शिक्का आणला नव्हता. पुढच्या खेपेला आणायचं कबूल करावं लागलं, आणि आणल्यावर प्रत्येकीने तो आपल्या कागदावर नीट उमटला की नाही ते उन्हात धरून पाहिलं.

बेबीताईंनी कागदाची घडी घातली आणि कनवटीला लावली. "आजलोक आमीच सह्या देल्ल्या," त्या बाकीच्यांना म्हणाल्या. "आज कोनी आमाले देल्ली. आता इचार पोरी, काय इचाराचं ते." मग त्या बोलल्या. त्यांच्या मागून बाकीच्या बोलल्या. बापाच्या वावरातल्या विहिरीबद्दल, भावांबद्दल, साडीच्या रंगाबद्दल. कोणी रडलं, कोणी भावाची बाजूही घेतली. नीमा लिहीत होती आणि मधेच थांबून विचारत होती, हे लिहू ना? बायका म्हणत होत्या, लिही.

शेवटचे दिवस फार धावपळीचे गेले. पण त्या मुलीला एकदाही स्वतःचा स्वयंपाक करावा लागला नाही. तिची पाळी बाकीच्यांनी वाटून घेतली. सोनमने टायपिंग केलं, सरितेने भाषांतरं तपासली, तळटिपा तर मी ओळखतही नव्हते अशा पोरांनी लावल्या. डिझर्टेशन वेळेत सबमिट झालं, आणि तिची रजा संपत आली तेव्हा व्हायवा लागली.

परीक्षक बाहेरच्या विद्यापीठाचे. नाव मोठं आणि चेहरा त्याहून गंभीर. मी गाइड म्हणून बाजूला बसले होते, बोलायची परवानगी नव्हती. ते माझ्यासाठी फार कठीण असतं. त्यांनी प्रबंध उघडला आणि पहिलाच प्रश्न टाकला.

"तुमच्या एकाही मुलाखतीवर उत्तर देणाऱ्याची सही नाही. मी हे का मानायचं?"

नीमाने आपली प्रत उघडली.

"सर, सही असलेला पुरावाही मी जोडला आहे. चौथं प्रकरण बघा. त्याच बायकांना विचारून मी त्यांच्या हक्कसोडपत्रांच्या नकला काढल्या, नावं झाकून लावल्या आहेत. प्रत्येक कागदावर सही किंवा अंगठा आहे. प्रत्येकात लिहिलंय, राजीखुशीने. त्याच बाईने सही न करता मला काय सांगितलं, ते समोरच्या पानावर आहे. दोन्हींतलं काय मानायचं, ते तुम्ही ठरवा."

परीक्षकांनी चौथं प्रकरण काढलं. डावं पान वाचलं, उजवं वाचलं. पान उलटलं. पुन्हा डावं, पुन्हा उजवं. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी खूप वर्षं प्रॉपर्टी लॉ शिकवतो," ते म्हणाले. "राजीखुशीने हे शब्द मी दर वर्षी वर्गात वाचून दाखवतो. आता मला ते तसे वाचता येणार नाहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, माझे प्रश्न संपले."

सर्वांत वरची ग्रेड मिळाली. कॉरिडॉरमध्ये सगळी पलटण उभी होती. मी दार उघडलं, पण मला बोलताच येईना. माझा चेहरा बघून सरितेला वाटलं, गेली. ती रडायला लागली. मग नीमा बाहेर आली, दोन्ही हात वर करून, आणि कॉलेजच्या इमारतीत त्या दिवशी जो आरडाओरडा झाला त्याबद्दल मी प्रिन्सिपॉलसाहेबांना लेखी खुलासा दिला. खुलाशात मी लिहिलं, की आवाज माझाही होता.

नीमा परत गेली. तिला हवा होता तो विभाग मिळाला. मामांविरुद्धचा आईचा दावा तिला स्वतः चालवता येत नाही, नात्यातला म्हणून. पण त्याची कागदपत्रं तिने लावून दिली आहेत, एवढं तिने कळवलं.

आमच्या कमिटीने फॉर्म बदलला. आता पहिली सही विद्यार्थ्याची असते आणि तो कागद उत्तर देणाऱ्याकडे राहतो. भोयर सर बाहेरच्या सेमिनारमध्ये हे "आमच्या कमिटीने विकसित केलेलं मॉडेल" म्हणून सांगतात. सांगोत बापडे. हे मॉडेल एका भूतानी पोराने शनिवारच्या जेवणाआधी दिलेल्या निकालातून आलं, हे मला माहीत आहे आणि म्हणून मी इथे लिहून ठेवते आहे.

एलएल.एम.च्या नव्या बॅचला मी पहिल्या तासाला एवढंच सांगते. कोणापुढे कागद ठेवायच्या आधी त्यात तुम्ही काय देताय ते वाचा, आणि त्याखाली तुमची सही कुठे आहे ते शोधा. नसली तर समोरचा माणूस उठून गेल्यावर त्याला अडाणी म्हणू नका.